खिशातला हेर आणि लोकांचा विश्वास

अलीकडे कार्यकर्त्यांच्या बैठकींत एक नवा रिवाज रूढ होऊ लागला आहे. चपला दाराबाहेर काढून ठेवाव्यात तसे मोबाइल फोन गोळा करून शेजारच्या खोलीत ठेवले जातात, दार लावून घेतले जाते आणि मग चर्चेला प्रारंभ होतो. बैठक संपली की ज्याचा फोन त्याच्या हाती येतो. पुढच्या दहा मिनिटांत बैठकीतले सारे निर्णय, कोणी कोठे जायचे, कोणाकडून किती वर्गणी आली, कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाने तक्रार दिली, हा सगळा तपशील दोनशे माणसांच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटावर रवाना होतो. त्या दोनशेंपैकी निम्मे कोण आहेत हे गट चालवणाऱ्यालाही सांगता यायचे नाही. मनातली भीती खरी आहे. तिच्यावर योजलेला उपाय मात्र ताईत बांधण्याच्या जातीचा आहे.

या प्रश्नाविषयी आपल्यांत दोन मनोवृत्ती आढळतात. एक म्हणते, "त्यांनी ठरवले तर ते पाहणारच, आपण काय करणार?" दुसरी म्हणते, "आपले राजकारण उघड्यावरचे, आपल्याला लपवायचे काय आहे?" पहिलीत हताशपणा आहे, दुसरीत एक प्रामाणिक अभिमान आहे, परंतु दोहोंची परिणती एकच होते. काहीच केले जात नाही. म्हणून या दोन्ही वृत्तींची तपासणी करणे आवश्यक झाले आहे.

प्रथम घडलेल्या गोष्टी पाहू. २०१९ साली इस्रायलच्या एनएसओ या कंपनीच्या 'पेगासस' या हेरगिरीच्या साधनाने जगभरातील सुमारे १४०० लोकांच्या फोनना लक्ष्य केल्याचे व्हॉट्सॲपने जाहीर केले. त्यांत भारतातील पत्रकार, वकील व मानवी हक्कांचे कार्यकर्ते होते. या साधनाची रीत अशी की फोन करणाऱ्याने नुसता फोन लावायचा. तो उचललाही नाही तरी घुसखोरी पुरी होत असे. एकदा आत शिरल्यावर संदेश, छायाचित्रे, ध्वनिग्राहक, कॅमेरा असे सारेच परक्याच्या ताब्यात जाते. जुलै २०२१ मध्ये अनेक देशांतील वृत्तसंस्थांनी मिळून संभाव्य लक्ष्यांची सुमारे ५० हजार क्रमांकांची यादी उजेडात आणली, तीतही अनेक भारतीय क्रमांक होते. आपण हे साधन केवळ सरकारांनाच विकतो, असे ती कंपनी स्वतःच सांगत आली आहे. संरक्षण मंत्रालयाने एनएसओशी कोणताही व्यवहार केला नसल्याचे संसदेत सांगितले. परंतु अन्य कोणत्या खात्याने केला काय, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर देशाला मिळाले नाही.

२७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक आज्ञावली आढळली; ती पेगाससच होती असे निश्चितपणे सांगता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले. तिकडे अमेरिकेत व्हॉट्सॲपने भरलेल्या खटल्यात एनएसओ जबाबदार ठरली, मे २०२५ मध्ये ज्यूरीने तिला सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर्सचा भुर्दंड ठोठावला, आणि पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम बरीच खाली आणली तरी व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांवर पुन्हा हल्ला करण्यास कायमची मनाई केली. ज्या नागरिकांवर पाळत ठेवली गेली त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र कोणीही जबाबदार ठरलेले नाही.

यापेक्षाही गंभीर गोष्ट आपल्या महाराष्ट्रातल्या खटल्यातील आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात आरोपी असलेले रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकी संस्थेने केली. त्या संस्थेचा फेब्रुवारी २०२१ मधील अहवाल असा की 'नेटवायर' नावाच्या आज्ञावलीद्वारे कोणी अज्ञात हल्लेखोर बावीस महिन्यांहून अधिक काळ त्या संगणकात वावरत होता, आणि ज्या पत्रांच्या आधारे आरोप उभे राहिले ती पत्रे त्यानेच तेथे आणून ठेवली. पुढे सुरेंद्र गडलिंग व फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांविषयीही त्याच संस्थेने तसाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत आणि खटल्यात त्यांची कसोटी अद्याप लागायची आहे. परंतु फादर स्टॅन स्वामी त्या कसोटीची वाट पाहू शकले नाहीत. ८४ वर्षांचे ते वृद्ध धर्मगुरू कच्चे कैदी असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत रुग्णालयात वारले. विल्सन यांना २०२५ च्या जानेवारीत जामीन मिळाला तोवर त्यांनी साडेसहा वर्षे तुरुंगात काढली होती.

या प्रकरणाचा कार्यकर्त्यांनी घ्यायचा बोध वेगळाच आहे. कोट्यवधींची साधने येथे लागलीच नाहीत. ओळखीच्या माणसाच्या नावाने एक ईमेल आला, त्याला एक दस्तऐवज जोडलेला होता आणि तो उघडला गेला. 'नेटवायर' ही बाजारात कोणालाही विकत मिळणारी वस्तू होती. तेव्हा "त्यांनी ठरवले तर ते पाहणारच" हे म्हणणे अर्धसत्य आहे. सर्वांत महाग साधनापुढे सामान्य माणूस हतबल ठरेल, हे कबूल. पण महाग साधने थोड्यांवरच वापरली जातात. बाकी साऱ्यांसाठी आपला निष्काळजीपणा पुरेसा असतो. तो आवरणे आपल्या हाती आहे.

लपवायचे काय आहे?

आता दुसऱ्या वृत्तीकडे वळू. उघडपणा हे सत्याग्रही राजकारणाचे भूषण आहे. दांडीला निघण्यापूर्वी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण कायदा मोडणार असल्याचे कळवले होते. बेचाळीसच्या भूमिगत कार्याविषयीही त्यांनी नापसंती लपवली नाही. परंतु त्याच बेचाळीसमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत पोलिसांना चुकवत त्यांनी यंत्राच्या जागा पुन:पुन्हा बदलल्या. त्यांचा संदेश साऱ्या देशाला ऐकू जावा यासाठीच तर ती खटपट होती. त्यांनी जपले ते यंत्राचे ठिकाण, आणि त्या यंत्रासाठी आपली खोली देणाऱ्या माणसांची नावे.

हा भेद ध्यानात घेतला की प्रश्न सुटतो. आपले विचार, आपले ठराव, आपले हिशेब उघडे असावेत. परंतु कार्यकर्त्याच्या फोनमध्ये केवळ त्याचे विचार नसतात. मुकादमाविरुद्ध बोललेल्या ऊसतोड मजुराचे नाव तेथे असते. जातपंचायतीचा जाच सांगणाऱ्या बाईचा आवाज तेथे असतो. आंतरजातीय विवाह करून आश्रय शोधणाऱ्या जोडप्याचा पत्ता, रेशन कार्डासाठी घेतलेले शेकडो आधार कार्डांचे फोटो, संपाच्या निधीला गुपचूप शंभर रुपये देणाऱ्या सरकारी शिपायाचे नाव, हे सारे तेथे असते. पूर्वी अशी नावे कार्यकर्त्याच्या वहीत असत आणि छाप्याची कुणकुण लागताच ती वही शेजारच्या घरी जाई. आजची वही चोवीस तास खिशात असते, स्वतःहून बोलते, आणि ती वाचली गेल्याचे मालकाला कळतही नाही. "माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही" असे म्हणण्याचा अधिकार मला माझ्यापुरता असेल. ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला त्यांच्या वतीने तसे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?

कायद्याची उलटी गंगा

खासगीपणाचा लढा ही श्रीमंतांची हौस नव्हे, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. १९८६ साली टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले तेव्हा देशभर टीका झाली आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. १९८८ मध्ये फोन चोरून ऐकण्याच्या प्रकरणात रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकाचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. आणीबाणीच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल मिळवला. फोन ऐकण्याचा आदेश साधारणतः गृहसचिवानेच द्यावा, त्याची मुदत दोन महिने असावी, ती वाढवली तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि समितीने त्याची छाननी करावी, असे बंधन त्या निकालाने घातले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच निकालाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.

असे असूनही मूळ दोष कायम आहे. आदेश काढणारा सचिव आणि छाननी करणारेही सचिवच. न्यायाधीशाच्या परवानगीची अट नाही, आणि ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला मागाहूनही काही कळवले जात नाही. २० डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने दहा यंत्रणांना संगणकावरील माहिती पाहण्याचा अधिकार दिला. १९८६ मध्ये ज्या टपालासाठी देशात एवढे वादळ उठले, ते अडवण्याचा व उघडण्याचा अधिकार २०२३ च्या नव्या डाक कायद्यात आला तेव्हा कोणी पुरते वळूनही पाहिले नाही. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा दिली. आणि त्याच कायद्याच्या कलम ४४ द्वारे माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचा अपवाद इतका रुंदावला की अधिकाऱ्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला 'वैयक्तिक' म्हणून वाटेला लावणे सोपे झाले. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अमलातही आली आहे. लोकशाहीत सत्ता पारदर्शक असावी आणि नागरिकाला आडोसा असावा. येथे आडोसा सत्तेला मिळाला आणि नागरिकाची भिंत काचेची झाली.

प्रत्यक्षात काय करावे?

कायदा बदलण्याचा लढा दीर्घ आहे. तोवर कार्यकर्त्याने काही शिस्त अंगी बाणवली पाहिजे. आपल्यावर कोण पाळत ठेवीत असेल, हा प्रश्न त्याने सर्वप्रथम स्वतःला विचारावा. घरचे माणूस, मालक, गावचा पुढारी, स्थानिक पोलीस की दिल्लीतील यंत्रणा? प्रत्येकाची पोच वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा.

एखाद्या फोनविषयी संशय आला तर त्याच फोनवरून उपाय शोधू नये. पाळत ठेवणारा आपले टंकलेखन पाहत असेल तर त्या फोनवर पासवर्ड बदलणे म्हणजे नवी किल्ली त्याच्याच हाती देणे होय. ब्राउझरमधील 'इन्कॉग्निटो'ची सोय येथे निरुपयोगी आहे. ती आपल्या शोधांची नोंद ब्राउझरमध्ये ठेवत नाही एवढेच, फोनमध्ये बसलेल्या हेरापासून ती काहीही लपवीत नाही. विश्वासातल्या माणसाचे दुसरे साधन घ्यावे आणि आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांच्या किल्ल्या ईमेलमध्येच असतात. मग अन्य सर्व साधनांवरून ते खाते बंद करावे आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. व्हॉट्सॲपमधील 'लिंक्ड डिव्हाइसेस' ही यादी महिन्यातून एकदा तरी पाहावी. कार्यालयातल्या सामाईक संगणकावर कोणाचे तरी खाते उघडे राहिलेले त्या यादीत हमखास सापडते.

व्हॉट्सॲप वा सिग्नलवरील संदेश मोहोरबंद पाकिटातून जातात, वाटेत ते वाचता येत नाहीत, हे खरे आहे. पण पत्र लिहिताना वा वाचताना कोणी खांद्यामागे उभा असेल तर मोहोरेचा काय उपयोग? म्हणून खुद्द साधन शाबूत राखणे महत्त्वाचे. फोनला येणारे सुरक्षा-सुधार लगेच घ्यावेत. ते यायचे थांबलेल्या जुन्या फोनवर नाजूक काम ठेवू नये. फोन रोज एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. या साध्या कृतीने काही घुसखोर आज्ञावली निघून जातात. अधिक धोक्यात असलेल्यांनी आयफोनमधील २०२२ पासून उपलब्ध असलेली 'लॉकडाउन मोड' ही सोय वापरावी. अनपेक्षितपणे आलेला दस्तऐवज, मग तो सख्ख्या मित्राच्या नावाने का आलेला असेना, त्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये.

या सर्वांपेक्षा मोठा उपाय म्हणजे कमी साठवणे. जे फोनमध्ये नाही ते चोरीला जात नाही. काम झाले की आधार कार्डांचे फोटो काढून टाकावेत, संदेश ठरावीक मुदतीने आपोआप नाहीसे होतील अशी योजना करावी, आणि तक्रारदारांची नावे गटांवर टाकू नयेत. मात्र एक तारतम्य राखले पाहिजे. ही नित्याची झाडलोट आहे. चौकशी सुरू झाल्यावर वा नोटीस आल्यावर पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि ते आपल्याच बचावाला घातकही ठरते. हेरगिरीचा दाट संशय असेल तर फोन पुसून टाकण्यापूर्वी तो जाणकाराकडून तपासून घ्यावा. ॲम्नेस्टीने यासाठी तयार केलेले साधन विनामूल्य उपलब्ध आहे. पुसलेल्या फोनमध्ये हल्लेखोराच्या खुणाही उरत नाहीत.

फोन वा संगणक जप्त होत असेल तर त्यातील मजकुराचे 'हॅश मूल्य' जागेवरच काढून पंचनाम्यात नोंदवावे, असा लेखी आग्रह धरावा. हे मूल्य म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसा. पुढे एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हे मूल्य नोंदवण्याची तरतूद आहे. भीमा-कोरेगावच्या अनुभवानंतर हा आग्रह न धरणारा कार्यकर्ता आपल्या वकिलाचे हात बांधून ठेवतो.

घरातली आणि कामावरची पाळत

पाळत ठेवणारा नेहमीच सरकारी नोकर असतो असे नाही. आपल्या स्त्री-कार्यकर्त्यांना हे अधिक ठाऊक आहे. बायकोच्या फोनचा पासवर्ड आपल्याला माहीत असणे हा कितीतरी पुरुषांना हक्क वाटतो, आणि त्यांत समतेवर व्याख्याने देणारेही असतात. कोणी फोनमध्ये गुपचूप पाळतीचे ॲप टाकतो, कोणी तिचे स्थान आपल्या फोनवर सतत दिसत राहील अशी व्यवस्था करतो. अशा बाईला "ते ॲप आधी काढून टाक" असा सल्ला उत्साहाने देऊ नये. पाळत तुटल्याचे कळताच घरातील हिंसा वाढू शकते. तिची सुरक्षा प्रथम, ॲप नंतर. तिने मैत्रिणीच्या फोनवरून बोलावे, आपल्या फोनवर नेहमीचे व्यवहार चालू दिसू द्यावेत, खुणांची नोंद अन्यत्र ठेवावी आणि जाण्याची जागा निश्चित झाल्यावरच पुढचे पाऊल उचलावे. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक तिला तोंडपाठ असावा, फोनमध्ये साठवलेला नसावा.

कामाच्या जागीही हेच चालले आहे. नागपूर, चंदीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा माग काढणारी घड्याळे बांधण्यात आली. स्वच्छतागृहात जातानाही आपल्यावर नजर असल्यासारखे वाटते, अशी तक्रार सफाई कामगार स्त्रियांनी केली. हरियाणात २०२१ मध्ये आशा कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये दूरवरून नियंत्रण ठेवता येईल असे ॲप टाकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्या बायांनी संघटितपणे त्याला विरोध केला. तंत्रज्ञानाचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. आपल्या अंगावर कोणाची नजर असावी हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, एवढी गोष्ट त्यांना स्वच्छ कळत होती. ज्या अधिकाऱ्याने हे घड्याळ बांधले त्याच्या मनगटावर तसे घड्याळ का नाही, हा प्रश्न आपल्या प्रत्येक युनियनने विचारला पाहिजे.

म्हणून हा विषय संगणकातल्या जाणत्या पोरांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. पाळतीचा आदेश न्यायाधीशाच्या परवानगीवाचून निघू नये, ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ठरावीक मुदतीनंतर ती कळवली जावी, नागरिकाच्या साधनात घुसखोरी करणाऱ्या आज्ञावलींच्या खरेदीचा हिशेब संसदेपुढे यावा, आणि रवींद्रन समितीचा अहवाल शक्य तितका लोकांसमोर ठेवला जावा, या मागण्या आपल्या सभांतून व ठरावांतून सतत मांडल्या गेल्या पाहिजेत. त्याचबरोबर प्रत्येक तालुका समितीने आपल्या पुढच्या बैठकीचा एक तास या कामासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी फोन शेजारच्या खोलीत ठेवू नयेत. सर्वांनी ते समोर घेऊन बसावे, जोडलेल्या साधनांची यादी पाहावी, गटांतील अनोळखी नावे वगळावीत, आणि आपल्या फोनमध्ये कोणाकोणाचा जीव अडकला आहे त्याची मनातल्या मनात मोजदाद करावी. मुकादमाविरुद्ध बोललेल्या त्या मजुराने आपले नाव आपल्याला सांगितले ते आपण त्याला दगा देणार नाही या भरवशावर. तो भरवसा सांभाळण्यासाठी सरकार बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.